मागच्या सीटवरचा सोमवार

धनराजने नवी गाडी घरासमोर उभी केली, तेव्हा माजरीच्या खाण कॉलनीतल्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "किती देते?" गाडी उंच, नारंगी, समोर काच, दोन्ही बाजूंना पेट्या. तिच्यावर बसून माणूस थेट लडाखला जाऊन येऊ शकतो, असे शोरूममधल्या पोराने सांगितले होते. धनराजने लडाखचे नाव घरी काढले नव्हते. घरी तो फक्त "तुले देवाले न्यायला सोय" एवढेच म्हणाला होता.

त्याची बायको रंभा कमी बोलणारी होती. तिने गाडीला हळदीकुंकू लावले, नारळ फोडला आणि शांतपणे म्हणाली, "मांगं बसणारी मी. मले बसून पाहू द्या. जमलं तं ठेवा, नाई जमलं तं परफुल्लभाऊले देऊन टाका. ते मांगूनच राह्यले."

शेजारचा प्रफुल खरोखरच मागत होता. रोज संध्याकाळी येऊन तो गाडीभोवती एक फेरी मारायचा आणि सीटवर हात फिरवत विचारायचा, "वहिनी बसल्या का?" धनराजला त्या प्रश्नाची धडकी भरली होती. लहानपणापासून मनात घोळवलेली गाडी बायकोच्या एका शब्दावर टांगली होती, आणि रंभाने कोणत्याही गोष्टीवर दुसऱ्यांदा मत दिल्याचे त्याला आठवत नव्हते.

तो शब्द सोमवारी मिळायचा होता. सोमवारी रंभाचे मौन असे. सकाळी उठल्यापासून महादेवाचे दर्शन होईपर्यंत एक अक्षर नाही. एरवी कॉलनीतल्या मंदिरात जाऊन आठ वाजेपर्यंत ते सुटायचे. पण नवी गाडी आधी दूर नदीकाठच्या मार्कंड्याच्या महादेवाला दाखवायची असे ठरले आणि मौन आपोआप मार्कंड्यापर्यंत लांबले.

"मंग मले समजन कसं, तुले बरं वाटून राह्यलं का नाई ते?" धनराजने आदल्या दिवशीच विचारले होते.

रंभाने तोडगा सांगितला. खांद्यावर एक थाप म्हणजे हो, दोन थापा म्हणजे नाही.

सकाळी दोघे निघाले. रंभाच्या डोक्यावर पिवळे हेल्मेट, तिचा मोबाइल आणि पूजेचे सामान पेटीत. चंद्रपूर येईपर्यंत धनराज अखंड बोलत होता. "पाह्य, खड्डा आला ते समजलंच नाई ना? इंजनाचा आवाज आयक, मांजर घुरघुरते तसा. हवा पाह्य कशी वरून जाते!" हवा वरून जात होती हे खरे, पण ती काचेवरून उसळून थेट रंभाच्या तोंडावर आदळत होती. शिवाय उजव्या पायाला इंजिनाची ऊब लागत होती. धनराजने विचारले की ती खांद्यावर थापा द्यायची, कधी एक, कधी दोन. दोनच्या वेळी धनराज विषय बदलायचा.

मूलला पेट्रोल पंपावर गाडी थांबली. रंभा उतरली, हेल्मेट काढून सीटवर ठेवले आणि पंपाच्या कुंपणाला लागून असलेल्या बेलाच्या झाडाकडे गेली. महादेवाला ताजी पाने हवीत म्हणून.

इकडे गाडीभोवती चारपाच जण जमले. पेट्रोल भरणारी रीता हातात नळी धरून गाडीकडेच पाहत होती.

"किती देते भाऊ?" एकाने विचारलेच.

"देण्याचं सोडा. चालते कशी ते विचारा!" धनराज रंगात आला. "डंपर चालवतो मी खाणीत. शंभर टन मातीचा धक्का अंगात बसलेला माणूस. पन हे गाडी म्हंजे, पाळण्यात बसल्यावानी वाटते बा."

बोलता बोलता त्याने हेल्मेट घातले, गाडी चालू केली आणि मागे न पाहता रंभाचे हेल्मेट एका हाताने मागे धरले. "घे, घाल हे. आन् बस लवकर, उशीर होऊन राह्यला."

मागे उभी होती गुणाबाई. साठी ओलांडलेली, डोक्यावर पोपटीच्या शेंगांची टोपली, सकाळपासून काळीपिवळी जीपची वाट पाहत थकलेली. तिला वाटले, माणूस देवासारखा आहे. मागितलेही नाही आणि बस म्हणतो. वर डोक्याला टोपीही देतो. ती हेल्मेट घालून, टोपली मांडीवर घेऊन, पाय ठेवायच्या दांडीवर चढून मोठ्या कष्टाने बसली.

खाणीत डंपर चालवणाऱ्याला मागे वळून पाहायची सवय नसते. मागे वजन पडले, डंपर खाली दबला, की लोड झाला असे समजून निघायचे. गाडी मागून दबली. धनराज निघाला.

रीताने नळी अडकवून वर पाहिले तेव्हा गाडी रस्त्याला लागली होती आणि रंभा बेलाच्या झाडाखाली पाने हातात घेऊन उभी होती.

"अवो बाई! तुमची गाडी गेली ना!" रीता ओरडली. "कोनाले तरी बसवून नेलं त्यायनं! शिटी मारू का?"

रंभाने हात हलवून नको म्हटले.

"फोन लावू? नंबर सांगा."

रंभाने पुन्हा मान हलवली. तोंडातून शब्द नाही. रीताच्या डोळ्यांत पाणीच आले. ती बाकीच्यांकडे वळून म्हणाली, "बिचारीची वाचाच गेली. धक्का बसला. नवरा दुसरीले घेऊन पळाला तिच्यासमोर, आन् ते म्हणते, नको बोलावू त्याले. केवढी मानी बाई असन!"

"हेल्मेटही तिलेच देलं," एकाने भर घातली.

"कशी होती ते?"

"तोंड कुठी दिसलं? हेल्मेट होतं ना. पन पातळ हिरवंगार होतं."

हिरव्यागार पातळाने सगळे प्रकरण पक्के केले. तेवढ्यात चैतूची काळीपिवळी आली. त्याच रस्त्याने चामोर्शीकडे जाणारी होती. आतल्या माणसांनी दाटून दाटून रंभासाठी खिडकीची जागा केली, एकीने तिला पाणी दिले, दुसरीने तिचा हात हातात घेऊन आपल्या दिराची अशीच हकिकत सांगितली. चैतूने गाडी सुरू करण्याआधी हरणघाटच्या पुलाजवळ चहाची टपरी चालवणाऱ्या केसरबाईला फोन लावला. "केसरबाई, नारंगी मोठी गाडी येऊन राह्यली. मांगं पिवळं हेल्मेट. त्याले सोडू नका. बायकोले टाकून पोरगी पळवून राह्यला तो."

पोरगी या वेळी गाडीच्या मागच्या सीटवर जीव मुठीत धरून बसली होती.

"बसली ना बरोबर?" धनराजने विचारले होते. गुणाबाईला हेल्मेटमध्ये वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हते. तिने आधारासाठी त्याच्या खांद्यावर हात टाकला. एक थाप. हो.

"जरा वेग वाढवू का?"

नेमका तिचा फाटा जवळ आला होता. इथे उतरव म्हणून गुणाबाईने त्याच्या खांद्यावर धपाधप हात मारले. एक नाही, दोन नाही, चांगले सातआठ. धनराजला गहिवरून आले. इतका उत्साह रंभाने लग्नातही दाखवला नव्हता. त्याने वेग वाढवला. फाटा मागे पडला.

आता गुणाबाई ओरडू लागली. "बापू! थांब रे! माही पोरगी वाट पाहून राह्यली फाट्यावर!" दोन हेल्मेट आणि मधला वारा यांतून धनराजपर्यंत फक्त गुणगुण पोहोचली. त्याला वाटले, रंभाचा जप चालला आहे. आज जरा मोठ्याने चालला आहे, पण देवाचे नाव ते नावच. त्याने आरशात पाहिले. पिवळे हेल्मेट भक्तिभावाने हलत होते.

दोन्ही बाजूंना धान कापलेल्या शेतांच्या बांध्या आणि मध्ये सुनसान काळा रस्ता. धनराजने धीर गोळा केला आणि तो महत्त्वाचा प्रश्न विचारला. "मंग रंभे, ठेवायची ना गाडी?"

रस्त्याकडेला देवीचे ठाणे दिसले. गुणाबाईने दोन्ही हात सोडून देवीला नमस्कार केला, यातून सोडव म्हणाली आणि पडण्याच्या भीतीने झटकन एक हात पुन्हा त्याच्या खांद्यावर ठेवला.

एक थाप. एकच. हो.

धनराजच्या डोळ्यांत पाणी आले. काचेआडून त्याला प्रफुलचे पडलेले तोंडसुद्धा दिसले.

हरणघाटच्या पुलाअलीकडे बकऱ्यांचा कळप आडवा आला. गाडी थांबली, इंजिन शांत झाले. मागून स्पष्ट आवाज आला, "फाटा गेला ना रे बापू!"

धनराज दचकला. मागे न वळताच कळवळून म्हणाला, "रंभे! काय केलं हे! दर्शनाआधी बोलली? इतक्या वर्षांचं मौन मोडलं?" मग त्याला वेगळीच शंका आली. "आन् तुह्या आवाजाले काय झालं?"

"माह्या आवाजाले काय होते? तासभर बोंबलून राह्यलो, घसा बसला!"

धनराज वळला. हेल्मेट काढून, विस्कटलेल्या पांढऱ्या केसांची गुणाबाई त्याच्याकडे रागाने पाहत होती.

"तुम्ही कोन?"

"आता विचारतं? बस म्हटलं तवा नाई विचारलं!"

"मी बायकोले म्हटलं ना, बस!"

"मंग तिचं नाव घेऊन म्हणाव ना, बस. मोघम बस म्हटलं तं कोनीबी बसन."

धनराजने खिशातून फोन काढला आणि रंभाचा नंबर लावला. गाडीच्या डाव्या पेटीतून गणपतीची आरती वाजू लागली. गुणाबाईने टोपली सांभाळत हात जोडले.

गाडी वळवावी म्हणून त्याने किल्लीकडे हात नेला तर किल्लीच नव्हती. ती केसरबाईच्या मुठीत होती. तिच्यामागे टपरीवरची सगळी गिऱ्हाइके, काहींच्या हातात अजून चहा.

"कुठी पळून राह्यला?" केसरबाईने कमरेवर हात ठेवले. "कुठी हाये ते हिरव्या पातळवाली पोरगी?"

सगळे मागच्या सीटकडे पाहू लागले. हिरव्या पातळातली गुणाबाई टोपलीतल्या शेंगा तपासत होती. किती सांडल्या ते पाहत.

"अवो, हे तं आमची गुणामावशी!" केसरबाईचा हात कमरेवरून खाली आला. मागे कोणीतरी फसकन हसले आणि चहा सांडला. "मावशे, तू पळून चालली होती?"

"मी कायले पळतो? यानंच पळवलं. आन् थांबवतच नाई. मारलं, ओरडलो, देवीले हात जोडले. जितकं मारावं तितका पळवते."

हसू पूर्ण व्हायच्या आत चैतूची काळीपिवळी येऊन थांबली. रंभा खिडकीजवळच्या जागेवरून उतरली. हातात बेलाची पाने जशीच्या तशी ताजी. धनराज पुढे होऊन म्हणाला, "रंभे, देवाशप्पथ, मले वाटलं तूच हाय. थापा बी तूच मारून राह्यली असं वाटलं. बोल काही तरी!"

रंभाने शांतपणे नदीपलीकडे, मार्कंड्याच्या दिशेने बोट दाखवले आणि हात जोडले.

"तिचं मौन हाये," धनराज ओशाळून सांगू लागला. "दर्शन होईपर्यंत."

बायांमध्ये कुजबुज झाली. वाचा गेली नव्हती, व्रत होते. नवरा डोळ्यांदेखत गेला तरी जिने मौन मोडले नाही, तिच्याकडे केसरबाईने पाहिले आणि किल्ली तिच्या हातात दिली. "हे घ्या बाई. याले द्यायची का नाई ते तुमीच ठरवा."

गुणाबाईला मुलीच्या फाट्यावर परत न्यायला एक ट्रॅक्टर तयार झाला. जाता जाता ती रंभाच्या कानाशी म्हणाली, "गाडी मस्त हाये बाई. बसायला गादी. पन तुहा मानूस कोनाचं आयकत नाई."

रंभाने हसून मान हलवली आणि किल्ली धनराजला दिली.

पुढचा रस्ता धनराजने सायकलच्या वेगाने कापला. दर थोड्या अंतराने तो मागे वळून पाहत होता. बोलत मात्र काहीच नव्हता. एक बैलगाडी त्यांना मागे टाकून गेली.

मार्कंड्याला रंभाने बेल वाहिला, डोके टेकले आणि पायरीवर येऊन बसली. धनराज समोर उभा राहिला, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखा.

"देऊन टाकू का परफुल्लले?" त्याने स्वतःच विचारले.

"काऊन?" रंभा म्हणाली. दिवसाचा तिचा पहिला शब्द. "मी तं तिथीच होती ना. झाडाखाली. तुमी टोपी मांगं धरली, ते बाई बसली, सारं पाह्यलं. चार पावलं टाकली असती तं पेटी धरून गाडी थांबवली असती."

"मंग आली काऊन नाई?"

"पाहून राह्यली होती. माही आठवण तुमाले कुठी येते ते."

"आली ना! हरणघाटले आली!" धनराज घाईने म्हणाला.

"ते तं गुणाबाईनं करून देली."

नदीकडून वारा येत होता. रंभाने नारळाचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

"गाडीत काही खोट नाई," ती नेहमीच्या शांत आवाजात म्हणाली. "गाडी राहू द्या."

"आन् मी?" धनराजने अगदी बारीक आवाजात विचारले.

रंभाने पदर सावरला, पुन्हा एकदा गाभाऱ्याकडे पाहून नमस्कार केला.

"तुमचं पुढच्या सोमवारी सांगीन."