पश्चात्तापाचं प्रात्यक्षिक

मी तुरुंगात गेलो तेव्हा सगळ्यात जास्त आश्चर्य माझ्या मेहुण्याला वाटलं. "हा? आणि दुसऱ्याला मारलं?" असं त्याने थेट पोलिसांनाच विचारलं. त्याचंही बरोबर होतं. तरुणपणी मी कराटेचा विजेता होतो आणि त्या जोरावरच सिनेमात आलो. पण सिनेमात मला काम मिळालं ते मार खाण्याचं. खलनायकाच्या मागे उभं राहायचं, नायकाने हात उगारला की मान झटकायची आणि टेबलावर, काचेवर किंवा फळांच्या गाडीवर कोसळायचं. हे मी इतकं मन लावून केलं की पुढेपुढे दिग्दर्शक नायकाला म्हणत, "तुम्ही नुसता हात वर करा. बाकीचं हा बघून घेईल."

माझा गुन्हा मात्र खराखुरा होता. एका दवाखान्याच्या वाहनतळावर तिथल्या राखणदार काकांनी मला गाडी पुढे घ्यायला सांगितलं. मी काच खाली केली, काळा चष्मा काढला आणि विचारलं, "ओळखलंत का?" ते म्हणाले, "नाही. गाडी पुढे घ्या, मागे रुग्णवाहिका आहे." मी खाली उतरून, चेहरा उजेडात धरून पुन्हा विचारलं. ते पुन्हा नाही म्हणाले. मग मी त्यांना ठोसा मारला आणि त्यांचा जबडा मोडला.

न्यायालयात माझ्या वकिलांनी असा बचाव मांडला की, चित्रपट व्यवसायात ठोसा आला की समोरच्याने मान वळवायची असते आणि फिर्यादीने ती वळवली नाही. न्यायाधीशांनी हा मुद्दा शांतपणे ऐकून घेतला. फिर्यादीस मान वळवण्याचं कोणतंही प्रशिक्षण मिळालेलं नव्हतं आणि राखणदाराच्या नोकरीसाठी ते आवश्यकही नव्हतं, असं त्यांनी निकालपत्रात नोंदवलं. मला चार वर्षांची शिक्षा झाली. निकाल ऐकायला माझी मुलगी आली होती. तो ऐकून ती माझ्याकडे न बघताच निघून गेली, आणि नंतर कधी भेटायलाही आली नाही.

मला बघताक्षणी ओळखणारा माणूस अखेर मला तुरुंगात भेटला. ते तिथले अधीक्षकसाहेब. त्यांनी माझे सगळे सिनेमे पाहिले होते, म्हणजे प्रत्येक सिनेमाची पहिली दहा मिनिटं, मी कोसळेपर्यंतची. त्यांनी लगेच माझी 'हिंसामुक्ती उपक्रमा'चा सदिच्छादूत म्हणून नेमणूक केली. सकाळी मी पहारेकऱ्यांना ठोसा कसा मारावा ते शिकवत असे आणि दुपारी कैद्यांना तो का मारू नये ते समजावून सांगत असे. दोन्ही वर्गांना हजेरी सक्तीची होती.

पुढे सुधारणा खात्याला प्रश्न पडला की माझा राग खरंच गेला आहे की नुसता दबा धरून बसला आहे. राग तपासायचा तर आधी तो आणायला हवा, म्हणून एका लिपिकाची चिथावणीच्या कामावर बदली झाली. बिचारे निवृत्तीला आलेले, अत्यंत सज्जन गृहस्थ. रोज न्याहारीनंतर माझ्यासमोर बसून ते खात्याने मंजूर केलेले अपमान वाचून दाखवायचे.

"तुमचा अभिनय म्हणजे निव्वळ लाकूड होता," ते म्हणायचे. "माफ करा हं, असं लिहून आलंय वरून."

"असू दे. पुढचं वाचा."

"तुम्हाला... तुम्हाला कुत्रंसुद्धा ओळखत नाही." एवढं बोलून ते कागद खाली ठेवायचे. "साहेब, राग आला का हो?"

मला राग यायचा नाही, रडू यायचं. पण रडण्याला गुण नव्हते.

अशात एक दिवस बायको भेटायला आली. "पोरगी पुढच्या महिन्यात परदेशी शिकायला चाललीय," ती म्हणाली. "इथे यायचं नाही म्हणते. तोवर घरी आलात तर भेट होईल. नाहीतर मग कधी, देव जाणे." मी तिथल्या तिथे ठरवलं की काय वाटेल ते करून लवकर सुटायचं. अधीक्षकसाहेबांनीही मनावर घेतलं. लवकर सुटका देणाऱ्या समितीला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे पीडिताच्या समोर, पाहुण्यांच्या उपस्थितीत, पटेल असा पश्चात्ताप.

कार्यक्रम तुरुंगाच्या सभागृहात ठरला. पाहुणे, त्यांचे पाहुणे आणि पाहुण्यांच्या पाहुण्यांचे मोबाइल यांनी सभागृह गच्च भरलं. राखणदार काकांना दवाखान्याने सुट्टी देऊन नवा गणवेश घालून पाठवलं होतं. जबडा नीट न बसल्यामुळे बोलताना त्यांच्या ओठाच्या कडेने लाळ गळायची आणि ते ती सारखी रुमालाने टिपत होते. ते बघून आदल्या आठवड्यात पाठ केलेलं भाषण मी पार विसरून गेलो.

"काका, माझं चुकलं," मी म्हणालो. "तुम्ही तुमचं काम करत होतात. मी उगाच मिजास केली."

काकांनी रुमाल खाली घेतला. "बरं," ते म्हणाले. "त्या दिवशी रुग्णवाहिकेला उशीर झाला. आत एक म्हातारी होती. ती वाचली, म्हणून मी आलो. नसती वाचली तर आलो नसतो."

आयुष्यात माझ्याशी इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं. सभागृहात मात्र लोक खोकायला लागले. समितीच्या अध्यक्षाबाईंनी चष्मा पुसला. "मला काही हे पटलं नाही," त्या अधीक्षकांना म्हणाल्या, "पश्चात्ताप दिसत नाहीये." प्रमुख पाहुण्यांनी सुचवलं की मूळ ठोसा एकदा करून दाखवला तर उपस्थितांना गुन्ह्याचं गांभीर्य कळेल. या सूचनेला टाळ्या पडल्या. काकांना सांगण्यात आलं की, यावेळी फक्त मान वळवा.

"मी नाही मारणार," मी म्हणालो.

"असहकार," अध्यक्षाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मी काकांसमोर हात जोडून उभा होतो. काकांना काहीतरी बोलायचं होतं. बोलण्याआधी तोंड पुसावं म्हणून त्यांनी झटकन रुमालाचा हात वर केला, आणि त्याच क्षणी माझी मान झटकली. वीस वर्षांची सवय. डोक्याने काही ठरवायच्या आत शरीराने गिरकी घेतली, मी पाहुण्यांच्या टेबलावर आदळलो, पुष्पगुच्छ, पाण्याचे ग्लास आणि समईएवढा मायक्रोफोन घेऊन जमिनीवर आलो आणि डोळे मिटून पडून राहिलो.

सगळं सभागृह उठून उभं राहिलं. इतक्या टाळ्या मला कधीच मिळाल्या नव्हत्या.

"अहो, मी हातसुद्धा लावला नाही!" काका ओरडत होते. मी ज्यांना शिकवलं त्याच दोन पहारेकऱ्यांनी त्यांचे दंड धरले. "बघितलंत? प्रतिकार शून्य!" असं अधीक्षकसाहेब म्हणाले. अध्यक्षाबाईंनी पेनाला टोपण लावलं. "आता पटलं. हे आतून आलेलं आहे."

मी उठून खरं सांगायला हवं होतं. सांगणारही होतो. पण आधी मला मुलगी आठवली. आणि खोटं कशाला बोलू, टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या. म्हणून आणखी थोडा वेळ पडून राहिलो.

मला सोडण्यात आलं. घराचं दार मुलीनेच उघडलं. तिच्या हातातल्या मोबाइलवर माझ्या पडण्याची चित्रफीत चालू होती आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "बाबा, कसले पडलात हो तुम्ही!" ती म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडली. त्यानंतर तिला खरं काय घडलं ते सांगायचं माझ्या जिवावर आलं. काल, आज, उद्या करता करता ती परदेशी गेलीसुद्धा.

काकांवर शासकीय आवारात पश्चात्तापी इसमास मारहाण केल्याचा गुन्हा दाखल झाला आहे. दवाखान्याने त्यांना कामावरून काढलं. पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे आणि मुख्य साक्षीदार मी आहे. वकील म्हणतात, खरं बोललात तर तुमची सुटका रद्द, कारण ती पडण्यावरच मिळाली आहे. बायको म्हणते, "खरं बोला, मी डबा आणत जाईन." ती रोज म्हणते आणि मी रोज हो म्हणतो.

पण एकट्या माझ्या साक्षीने काय होणार? सरकारी वकिलांना काकांनी मला मारल्याचं डोळ्यांनी पाहिलेले आणखी साक्षीदार हवे आहेत, आणि ते त्यांना हवे तितके मिळतायत. ती चित्रफीत सगळीकडे फिरली आहे. तुम्हीही बघितलीत, पोट धरून हसलात आणि चार जणांना पुढे पाठवलीत. त्यात काकांच्या हातातला रुमाल अगदी स्पष्ट दिसतो. तुम्हाला दिसला नसेल, तर साक्षीदार म्हणून तुम्ही चालाल. सरकारी वकिलांना जाऊन भेटा.