शेवंताची मलमपट्टी

आमच्या शेजारचे सुपडू जिभाऊ दिवेलागणीला बैठकीतली ट्यूबलाइट लावतात, ती स्वतःसाठी नव्हे, शेवंतासाठी. लाइटखाली किडे जमतात आणि शेवंता जेवायला येते. शेवंता म्हणजे पाल. भिंतीवरची साधी पाल, जिला बघून माझ्या अंगावर काटा येतो. एकदा मी कुणी नाही असं समजून जाता जाता बटण बंद केलं, तर आतून जिभाऊ ओरडले, "बाई, लाइट बंद नका करा! तिन्हा जेवनना टाइम शे!"

मी शाळेत शिकवते म्हणून मी 'बाई'. नंदुरबारला बदली होऊन आले तेव्हापासून हे शेजारी माझ्या नशिबी आहेत.

पाल चुकचुकली की आपल्याकडे बोट आपटून 'कृष्ण कृष्ण' म्हणतात. नुकतंच बोललेलं खरं ठरणार असं मानतात. जिभाऊंनी या समजुतीचा पुरता धंदा केला आहे. "औंदा मिरचीले भाव येई," असं म्हणून ते भिंतीकडे बघत थांबतात. शेवंता चुकचुकली तर लगेच, "देखा, साक्ष दिनी!" नाही चुकचुकली तर, "तोंडमा घास शे तिन्हा. कशी बोली?" एकूण काय, जिभाऊ कधीच खोटे पडत नाहीत.

जिभाऊ मिरचीच्या पथारीवरचे जुने मुकादम. पथारी म्हणजे लाल मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान. आता वय झालंय, तरी हंगामात व्यापारी त्यांना बोलावून नेतात. जिभाऊ मिरची मोडतात, बी बोटांत चोळतात आणि माल कसा ते सांगतात. बायको काही वर्षांपूर्वी गेली, मुलगी सुनंदा सुरतेला दिली. घरात ते आणि शेवंता.

तर यंदा ऐन हंगामात एका दुपारी जिभाऊ पथारीवरून आले, ऊन लागतं म्हणून खिडकी ओढून घेतली आणि चौकटीत शेवंता सापडली. फार नाही, मागच्या पायापाशी कातडं सोललं. पण जिभाऊंची धावपळ उडाली. त्यांनी खोबरेल तेलात हळद कालवली आणि तिला धरून बोटानेच जखमेवर लेप दिला. शेवंता अशी उसळली की थेट कपाटामागे. "इतली नाजूक व्हयनी का व तू?" असं म्हणत जिभाऊंनी कपाळावरचा घाम पुसला, डोळा पुसला आणि बोंब मारली.

मी उलथनं हातात घेऊनच धावले. जिभाऊ नळाखाली डोकं धरून उभे. जो माणूस उभ्या हंगामात साबणाने दोनदा हात धुतल्याशिवाय स्वतःच्या डोळ्याला बोट लावत नाही, तो घाईत मिरचीच्या हातांनी तसाच आला होता. मला हसू आवरेना. जिभाऊंनी मात्र डोकं वर काढलं, आपल्या बोटांकडे पाहिलं, मग कपाटाकडे.

"बाई, हाच हात लावा मी तिन्हा घावले."

माझं हसू तिथेच थांबलं.

संध्याकाळी ट्यूबलाइट लागली, किडे जमले, शेवंता येईना. जिभाऊंनी ताट वाढून घेतलं आणि तसंच सरकवून ठेवलं. बऱ्याच वेळाने ती कपाटाखालून निघाली, हळदीने पिवळीधमक, पाय ओढत. एरवी मी घर सोडून पळाले असते. पण जिभाऊ म्हणाले, "बाई, तुम्हीच काही करा. मन्हा हात आगना शेतस."

मी देवाचं नाव घेऊन तिच्यावर पुरणाची चाळण पालथी घातली. पाणी उकळून गार केलं, त्यात मीठ टाकलं, हातात प्लास्टिकची पिशवी घातली आणि डोळे अर्धे मिटून चाळणीवरूनच कापसाने थेंब थेंब सोडत तो लेप धुऊन काढला. जिभाऊ दारातून बघत होते. जवळ काही येईनात.

"सुनंदा धाकली व्हती," ते एकदम म्हणाले, "मी पथारीवरतून उनू, ती रडी ऱ्हायनी व्हती. मी तिन्हा डोया पुसात." त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. म्हणाले, "मंग कधी तिन्हा तोंडले हात लावाच नही. हंगाम नसे तवय बी नही."

मी नवा कापूस घेतला आणि उरलीसुरली हळदही धुऊन काढली.

शेवंता रात्रभर चाळणीखाली ओल्या फडक्यावर राहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती लंगडत भिंतीवर चढली आणि तिने एक पतंग मटकावला. जिभाऊंनी लगेच सुरतेला फोन लावला. ते नेहमी स्पीकरवरच बोलतात, त्यामुळे सगळं माझ्या कानावर पडत होतं. शेवंता कशी वाचली हे त्यांनी तिखटमीठ लावून सांगितलं. सुनंदा पोट धरून हसली. मग जिभाऊंनी फोन तोंडाजवळ धरला.

"माय, तुन्हा डोया बरा शेतस ना?"

"मन्हा डोयाले काय व्हयनं आबा? माले ते चष्मा बी नही."

"सगळं दिखस ना?"

"हां, सगळं दिखस. काबरं?"

"काही नही माय," जिभाऊ म्हणाले. "इतला दिन इचारं नव्हतं."