पाटणकरांना हेवा होतो

लोकांना सर्दी होते तसा पाटणकरांना हेवा व्हायचा. आणि सर्दी झालेला सज्जन माणूस जसा "जरा लांब बसा" म्हणतो, तसे तेही आधीच सांगून टाकायचे.

क्योतोच्या आमच्या प्रयोगशाळेत कुणाचा पेपर छापून आला की हे त्याच्या टेबलाशी जात, जपानी पद्धतीनं वाकत आणि म्हणत, "अभिनंदन. मला फार हेवा वाटतोय. एक-दोन दिवसांत उतरेल." तेवढे दिवस ते त्या माणसाशी बोलत नसत. मग स्टेशनाजवळच्या दुकानातून त्याच्यासाठी मोचीचा, म्हणजे तांदळाच्या मऊ गोड गोळ्यांचा, डबा आणत. हेवा उतरल्याची ती खूण. जपानी मंडळींना तो मराठी शब्द इतका पाठ झाला होता, की पाटणकर गप्प दिसले की कुणीतरी हळूच विचारी, "पाटणकर-सान, हेवा?" हे मान डोलावत.

वय पंचेचाळीस, लग्न केलेलं नाही, राहणं एका खोलीत. हेव्याला कारण काहीही पुरे. शेजारच्या म्हातारीच्या झाडाला लागलेली पर्सिमनं. माझी नवी सायकल. माझी बायको मेधा संशोधनासाठी फ्रान्सला गेली, तेव्हा तिची पत्रं यायची, त्या पत्रांचाही. "तुम्हाला तिकिटंसुद्धा सुंदर येतात हो," ते चिडून म्हणायचे.

त्या वसंतात फ्रान्समधल्या नीम गावी परिषद होती. आमच्या गटातून एकालाच जायचं होतं. प्राध्यापक मोरींनी माझं नाव सांगितलं. काम निम्मं पाटणकरांचं होतं. त्यांना सांगितलं तेव्हा ते वाकले, अभिनंदन म्हणाले आणि पुढे म्हणाले, "हा मोठा आहे. लवकर उतरायचा नाही."

नीमला मेधा रेल्वेनं येऊन मला भेटली. परिषद संपल्यावर आम्ही तिथल्या, पाटणकरांच्या कायम तोंडी असलेल्या जुन्या बागेत गेलो.

परत आल्यावर फोटोंचा रोल धुऊन आणला, तर पाटणकर दारात हजर. मोची नव्हती, म्हणजे उतरला नव्हता; तरी ऐकल्याशिवाय राहवलं नसावं.

"सांगा. सुरुवातीपासून."

मी सांगू लागलो. जमिनीतून वर येणारा झरा, त्याच्याभोवती दगडी कठड्यांचे कालवे, हिरवंगार पाणी, मागं रोमन देवळाचे पडके खांब, झाडांखाली लोखंडी गोळे टाकून खेळणारे म्हातारे.

"देवळात आत जाता येतं?"

"हो."

"जळलं मेलं!" त्यांनी फोटो उलटा ठेवला, परत सुलटा केला. "आणि इथे आमच्या बागांत बघायचं ते लांबून. हा बाक कुठला?"

"पाण्यासमोरचा. तिथंच बसलो होतो आम्ही."

ते उठून गेले.

पुढच्या आठवड्यात चहा घेताना मोरींनी मला विचारलं, "पाटणकर-सानची पाठ आता कशी आहे? विमानात इतका वेळ बसवणार नाही म्हणाले, म्हणून तुमचं नाव त्यांनीच सुचवलं."

पाठ? आदल्या रविवारी हा माणूस सायकलवरून डोंगरातल्या देवळापर्यंत जाऊन आला होता, आणि वाटेत एक तरुण आपल्या पुढे गेला म्हणून सोमवारभर धुमसत होता.

दुपारी ते कामो नदीच्या काठी एकटेच बसून डबा खात होते. मी सरळ विचारलं.

"मोरींना काही पोटात ठेवता येत नाही," ते म्हणाले.

"अहो, पण का? ती बाग तुम्हाला किती बघायची होती!"

"म्हणून तर हेवा झाला. खोटा नव्हता तो." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "वहिनी तिकडे, तुम्ही इकडे. रोज पत्रपेटी उघडताना तुमचं तोंड बघत होतो मी."

मग त्यांनीच विचारलं, "त्या बाकावर काय बोललात हो दोघं? तेवढं सांगितलं नाहीत."

"काहीच नाही. नुसते गप्प बसलो होतो. बराच वेळ."

पाटणकरांनी डबा पिशवीत ठेवला.

"बोलायला इथं सगळे आहेत," ते म्हणाले. "गप्प बसायला कुणी नाही."

माझी मीटिंग होती. मी गेलो नाही. त्यांच्या शेजारी गवतावर बसलो आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.