शाळेतली गळती

नंदकुमार परबांनी एकदा प्रश्न तयार केला की त्याला फट म्हणून राहत नसे! विक्रोळीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं माल तपासून त्यांची नजर अशी झाली होती, की बायको कुंदाची चपाती एका बाजूला जरा जाड झाली तरी त्यांना ताटात दिसायची. त्यामुळे विधानसभेचे तीन उमेदवार मुलुंडच्या महापालिका शाळेत लोकांना भेटायला येणार म्हटल्यावर त्यांनी घरात जाहीरच केलं, "असा प्रश्न टाकतो, की एकालाही पळायला वाट सापडणार नाही!"

शाळेचं खरोखरच कठीण होतं. नंदकुमार तिथेच बाराखडी शिकले होते, आणि आता तिथे पोरं टिकत नव्हती. वरून पत्र आलं होतं : जूनमध्ये पहिलीला वीस मुलं भरली नाहीत तर वर्ग बंद, असतील तेवढी मुलं भांडुपला. ते वाचल्यापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

"प्रश्न झकास विचाराल हो," कुंदा म्हणाली. "पण आपली सई कुठल्या शाळेत जाते?"

"ते वेगळं! तो मुकुलचा निर्णय. मुलाच्या संसारात मी लुडबूड करत नाही."

नात सई इंग्रजी शाळेत सिनियर केजीला होती. तिच्या फॉर्मसाठी पहाटे चारपासून रांगेत घडीची खुर्ची टाकून कोण बसलं होतं, हे कुंदाने बोलून दाखवलं नाही. चहाचा कप मात्र जरा जोरात ठेवला.

मुलं शाळा सोडून जातात त्याला शिक्षणखात्यात 'गळती' म्हणतात, हे नंदकुमारांना मुख्याध्यापिका अनुपमाबाईंकडून कळलं होतं. तेव्हापासून हा शब्द ते भाजीवाल्यालाही ऐकवत. साहजिकच उमेदवारांना व्हॉट्सअॅपवर मेसेज गेला : 'शाळेतील गळती थांबवण्यासाठी आपण काय कराल? उत्तर लेखी द्यावे, सहीसकट.'

रविवारी शाळेचा हॉल भरला. पहिल्या उठल्या दीप्तीताई.

"गळतीची मला पूर्ण कल्पना आहे! काल मी स्वतः गच्चीवर चढून आले. निवडून येताच संपूर्ण वॉटरप्रूफिंग!"

टाळ्या! नंदकुमार ताडकन उठले. "अहो ताई, ती गळती नव्हे..."

तोवर माइक जयवंतरावांनी ओढला होता. "वॉटरप्रूफिंग दोन पावसाळ्यांत उखडतं! मी वरून पत्र्याची शेड टाकून देतो!"

झालं! मुंबईत गच्चीची गळती म्हटली की प्रत्येक माणूस तज्ज्ञ असतो. "शेडच बरी, आमच्या सोसायटीत एकदम कोरडं आहे!" "काय कोरडं? वारा आला की पत्रे शेजारच्या बिल्डिंगीत!" शिक्षकांच्या रिकाम्या जागा, सरकारचं अनुदान, एका मुलामागचा खर्च, असलं सगळं नंदकुमारांनी कागदावर लिहून आणलं होतं. ते खिशातच राहिलं.

शेवटी त्यांनी माइक हिसकावला आणि जीव तोडून ओरडले, "थांबा! मी पाण्याचं बोलतच नाहीये! मुलांची गळती! मुलांची!"

हॉल चिडीचूप झाला. तिसरे उमेदवार, अपक्ष चंद्रप्रकाश, हळूच उठले. त्यांनी नंदकुमारांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, लाजण्यासारखं काही नाही. लहान मुलं आहेत, होतं असं. मी प्रत्येक मजल्यावर दोन-दोन संडास बांधून देतो!"

दिवसभरातल्या सगळ्यात जोरदार टाळ्या त्याला पडल्या.

नंदकुमार उमेदवारांच्या सह्या असलेले तीन कागद घेऊन घरी आले. "वाट लागली गं. प्रश्नालाच फट राहिली."

पुढे दीप्तीताई निवडून आल्या. नंदकुमारांनी तो विषय सोडला, पण अनुपमाबाईंनी सोडला नाही. सहीच्या कागदाची झेरॉक्स घेऊन त्या दर सोमवारी ताईंच्या ऑफिसात जाऊन बसायच्या. ताई कंटाळल्या आणि मे महिन्यात गच्ची झाली!

जूनमध्ये एका संध्याकाळी बाईंचा फोन आला. नंदकुमारांनी स्पीकर लावला.

"परब, पहिलीत एकोणीस झाली!"

"एकोणीस? कशी काय? गळतीवर तर कोणी बोललंच नाही!"

"अहो, पोरं जात का होती? चार पावसाळे मी वर्गात बादल्या मांडून शिकवलं. भिजायला कोण पाठवेल मुलांना? कोरडी भिंत बघितली आणि पालक आले. तुम्ही प्रश्न विचारलात म्हणून हे झालं हो!"

नंदकुमारांना इतका आनंद झाला की डोळे पुसावे लागले. प्रश्नाला फट नव्हतीच तर!

"फक्त एक मूल कमी आहे," बाई म्हणाल्या. "उद्या शेवटचा दिवस. तुमच्या ओळखीत आहे का कोणी?"

नंदकुमार ओळखीतली नावं बोटांवर मोजू लागले. कुंदाने कपाटातून सईचा जन्मदाखला काढून त्यांच्यासमोर ठेवला.

"अगं, पण मुकुल..."

"त्याला महिन्यापूर्वीच विचारलंय. तो म्हणाला, माझी कधीच हरकत नव्हती. बाबांनाच विचार, खुर्ची घेऊन तेच गेले होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदकुमार सईचा हात धरून शाळेत गेले. अनुपमाबाईंनी फॉर्म पुढे केला. नाव, पत्ता, जन्मतारीख भराभरा लिहून झालं. मग रकाना आला : 'आधीची शाळा सोडण्याचे कारण'.

नंदकुमारांनी थोडा विचार केला, आजूबाजूला बघितलं आणि निमूटपणे लिहिलं : 'गळती'.