चाळीस जीबीचे पाच एमबी

लग्नाला तीन महिने झाले तरी सासरी माझी ख्याती ‘कमी बोलणारी’ एवढीच होती. त्यामुळे त्या सकाळी चहा पिता पिता मी “मी करते, बाबा,” असं म्हणाले, तेव्हा सासूबाईंनी कप खाली ठेवला, नवऱ्याने मोबाइल खाली ठेवला आणि सासऱ्यांनी चष्मा वर केला.

काम असं होतं. सासरे वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचे. सव्वा वर्षापूर्वी त्यांचा डावा हात मोडला. प्लॅस्टर निघाल्यापासून रोज दहा मिनिटं वाजवून ते कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवत होते. त्याच संध्याकाळी पाच वाजता हाताच्या डॉक्टरीणबाई ते सगळं ऐकणार आणि बोटं कितपत सुधारली ते पाहून बाबांना वाद्यवृंदात परत बसू द्यायचं की नाही, ते ठरवणार. पण फाइली चारशे अकरा आणि जागा व्यापलेली चाळीस जीबी. लहान करून आणा, असं बाईंनी बजावलं होतं. नवरा गेले तीन रविवार ‘या रविवारी नक्की’ म्हणत होता.

घरातला कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो आणि लिनक्स फक्त नवऱ्याला कळतं, असा घरात समज आहे. (तो त्यानेच पसरवला आहे.) तो ऑफिसला गेला, बाबाही कॉम्प्युटरसमोरून उठले, तशी मी हुकूम टाइप करायची ती काळी खिडकी उघडली. इंटरनेटवरून एक लांबलचक ओळ शोधली: प्रत्येक फोल्डरमध्ये जा, आतली फाइल लहान कर, ‘लहान’ नावाच्या नव्या फोल्डरमध्ये टाक. एंटर दाबलं. शंभर एमबीची फाइल पाच एमबीची झाली! ऐकून पाहिली. तेच व्हायोलिन, तीच करकर. मला खुर्चीत बसल्या बसल्या नाचावंसं वाटलं.

दुसऱ्या फाइलपासून मात्र कॉम्प्युटर थांबून काहीतरी विचारायला लागला. मी हो म्हटलं. तिसऱ्याला परत तेच. एवढ्या आनंदात कोण वाचत बसणार? ओळीत एक छोटं अक्षर घातलं की तो काही न विचारता स्वतःच हो धरून चालतो, असं कळलं. (तीन महिन्यांच्या सुनेला ही पद्धत एकदम ओळखीची वाटली.)

मग काय, चाळीस मिनिटं पडद्यावर नुसता पूर आला. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. हे आपलं आपणच पळतंय का, त्यांनी विचारलं, आणि केर काढायचं असं काही निघालं असेल तर तेही बघून ठेवायला सांगितलं.

संपल्यावर मी एकूण आकडा पाहिला. चाळीस जीबीचे पाच एमबी! शहाण्या माणसाला इथे शंका आली असती. मला वाटलं, माझ्या हाताला गुण आहे. तेवढ्यात डिस्क भरल्याची सूचना आली, म्हणून मी मूळ फाइलीही एका दमात उडवल्या. त्या वेळी मात्र कॉम्प्युटरने अवाक्षर काढलं नाही.

बाबांना न्यायला नवरा तीन वाजता आला. मी आकडा सांगितला. तो बूट न काढताच खुर्चीत बसला. ‘लहान’ फोल्डर उघडला.

“यात एकच फाइल आहे.”

बाबांनी तीस वर्षं एका कचेरीच्या दप्तरखान्यात काढली. त्यांची शिस्त अशी, की तारीख फोल्डरवर लिहायची. ती एकदा बाहेर लिहिली की आत परत कशाला? त्यामुळे आतल्या चारशे अकरा फाइलींचं नाव एकच: ‘सराव’. मी त्या सगळ्या एका जागी टाकत गेले आणि प्रत्येक नवा सराव आधीच्याला पुसून त्याच्या जागी बसत गेला. जुनी पुसू का, एवढंच तो बिचारा विचारत होता.

उरला तो कालचा सराव.

“हात चांगला आहे हे त्यावरून कळेल,” नवरा म्हणाला, “पण कशापेक्षा चांगला आहे, ते बाईंनी कुठून ऐकायचं?”

माझा बांध फुटला. रडत रडत मी ओळ सांगितली, अक्षर सांगितलं, माफी मागितली, पुन्हा ओळ सांगितली. सासूबाई पाणी घेऊन आल्या आणि थक्क होऊन नवऱ्याला म्हणाल्या, “अरे, हिला एवढं बोलता येतं?”

बाबा मात्र शांतपणे उठले. कपाटातून एक प्लास्टिकची डबी काढून नवऱ्यापुढे ठेवली. आत पेन ड्राइव्ह होता. चारशे अकराच्या चारशे अकरा त्यात सुखरूप होत्या.

“मग मघाशीच का नाही सांगितलंत, बाबा?” मी नाक पुसत विचारलं.

“इतकी खुशीत होतीस. आणि म्हटलं, कदाचित लागणारही नाही.”

नवऱ्याने माझीच ओळ घेतली, तिच्यात फक्त फाइलीच्या नावाला तारीख जोडली. पावणेपाचला आम्ही सगळे डॉक्टरीणबाईंच्या दारात. बाईंनी पहिला सराव ऐकला, मधले दोन-चार ऐकले, कालचा ऐकला आणि बाबांना पुढच्याच आठवड्यापासून वाद्यवृंदात जायची परवानगी दिली. मला इतका आनंद झाला, की मी टाळ्या वाजवल्या आणि मांडीवरची डबी खाली पडली.

उचलताना तिच्या झाकणावर चिकटवलेली चिठ्ठी दिसली. दप्तरखान्यातल्या सुबक अक्षरात, खाली रेघ मारून लिहिलं होतं: ‘मूळ प्रत. सूनबाईंनी हात लावण्यापूर्वीची.’