शनीच्या आड चिटणीस

विश्व अफाट आहे, याबाबत जाणकारांत आता मतभेद उरलेला नाही. आमच्या इमारतीपुरते मात्र ते आग्नेयेला, चिटणीसांच्या बनियनपाशी संपते.

याचे मूळ तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथल्या निवृत्त मोजणी अधिकाऱ्यांनी, म्हणजे ग्रहकाकांनी, घरच्या कॉम्प्युटरवर आकाशदर्शनाचे सॉफ्टवेअर घेतले. तारीख-वेळ टाकली की त्या क्षणाचे आकाश स्क्रीनवर हजर. खाली क्षितिज म्हणून एक हिरवे कुरण होते.

"हे रान कुणाचं?" काकूंनी विचारले.

"कुणाचं का असेना!"

"मग आपलं आकाश त्यांच्या रानावर कशाला?"

मुद्दा हद्दीचा होता, म्हणजे काकांच्याच खात्याचा. त्यांनी भरदुपारी गच्चीवर उभे राहून चारी दिशांचे फोटो काढले आणि कुरणाच्या जागी बसवले. आग्नेयेच्या फोटोत सोसायटीचे चिटणीस आले. बनियनवर, एक बोट कानात. सॉफ्टवेअर मोठे गुणी. तारे उगवले की फोटोही काळवंडे. चिटणीस तेवढे ओळखू येत.

त्या दिवसापासून शनी चिटणीसांच्या काखेतून उगवू लागला आणि डोक्यामागे दिसेनासा होऊ लागला. काका त्यांच्या दारात गेले.

"जरा बाजूला व्हाल का?"

"कुठून?"

"आग्नेयेकडून."

चिटणीसांनी दार लावून घेतले. काका अध्यक्षबाईंकडे गेले.

अध्यक्षबाई पूर्वी कोर्टात शिरस्तेदार होत्या. त्यांना शनीत रस नव्हता. पण स्क्रीनवर रात्र होती आणि चिटणीस गच्चीवर होते. सूर्यास्तानंतर जो गच्चीवर जाईल तो पदावर राहणार नाही, हा नियम खुद्द चिटणीसांचा. पद गेले तर त्या माणसाकडे उरणार काय? घरात त्यांना पंख्याचा वेगही ठरवता येत नसे.

रविवारी सकाळी अकरा वाजता, काकांच्या खोलीत पडदे ओढून, रात्रीची पाहणी झाली.

"मागचा मंगळवार लावा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

चिटणीस गच्चीवर होते.

"गेलं वर्ष."

होते.

खजिनदारांनी हौसेने स्वतःच्या लग्नाची तारीख लावायला सांगितली. तेव्हा इमारतसुद्धा नव्हती. चिटणीस होते.

"म्हणजे खोड जुनी आहे. आता पुढची दहा वर्षं बघा."

होते.

"आणि सुधारण्याचं लक्षण नाही."

"अहो, मी इथे बसलोय!" चिटणीस किंचाळले. "तुमच्या शेजारी! कप आहे हातात!"

"इथे आहात हे तुमचं म्हणणं झालं. तिथे आहात हे दिसतंय. जा, वर बघून या."

चिटणीस तणतणत वर गेले आणि कठड्यावरून ओरडले, "इथे कोणीही नाहीये!"

"आवाज गच्चीवरूनच आला," अध्यक्षबाई म्हणाल्या. "नोंद घ्या."

"अहो, फोटो आहे तो," काकू न राहवून म्हणाल्या. "दुसरा काढा, मिटलं."

"पुराव्यात फेरफार?"

काकू कप गोळा करून आत गेल्या.

चिटणीस खाली येईपर्यंत पद गेलेले होते. त्यांनी पंपाच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि बराच वेळ तिच्यावरचा हात काढला नाही. नवा चिटणीस कोण, असे विचारताच कुणाची कंबर निघाली, कुणाची नातवंडे निघाली. काकांचा शनी तर होताच.

शेवटी खजिनदारांनी स्क्रीनकडे बोट दाखवले. "यांनाच करा की. अष्टौप्रहर हजर. आणि उलटून बोलत नाहीत."

"पण तो मीच आहे!" माजी चिटणीस म्हणाले.

"तिथे कोणी नाही, असं तुम्हीच आत्ता वरून सांगितलंत," अध्यक्षबाई म्हणाल्या. "एकदा काय ते ठरवा."

ठराव, कुठल्याही इमारतीत होतो तसा, एकमताने मंजूर झाला. नव्या चिटणीसांनी अभिनंदनाचा स्वीकार कानात बोट घालून केला.

सोमवारी सकाळी नळाला पाणी आले नाही.