मिरजगावचा रेडिओ परदेशात जातो

एक गुलाबी फेटा, पहिल्या रांगेतली हातवाली खुर्ची, माईकवरून नावाचा पुकारा आणि सासऱ्याचं तोंड कायमचं बंद! माझा भाचा कानिफनाथ, त्याला आमच्या वाडीच्या यात्रेत एवढं सगळं मिळणार होतं. त्या बदल्यात करायचं काय? तर कुस्त्यांचा हगामा इंटरनेटवरून लाइव्ह दाखवायचा. बस्स! साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्की करताना मी पुष्कळ सौदे पाहिले, पण एका पारड्यात इतका मान आणि दुसऱ्यात इतकं हलकं काम, असा सौदा नाही पाहिला.

हो, मी काट्यावरचा क्लार्क. उसाचा ट्रॅक्टर वळणावर दिसला की नुसत्या टायरांकडे बघून मी वजन सांगतो. माणसांचंही सांगतो. कानिफनाथचं वजन त्या वेळी जेमतेमच होतं. पुण्यातली नोकरी सोडून त्याने वाडीत इंटरनेटचा धंदा टाकला होता, आणि त्याचे सासरे रंगनाथराव श्रीगोंद्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमचं जावई तारेवरची कसरत करत्यात. तीबी बिनतारंची!"

रंगनाथराव जुने पैलवान. आमचा हगामा त्यांनी कधी चुकवला नव्हता. यंदा मात्र गोठ्यात घसरले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. खाटेवरूनच त्यांनी फोन केला.

"पाव्हणं, ते लाइव्ह का काय म्हणता, त्यात शेवटची कुस्ती मला हितं लखलखीत दिसली, तर तुमचा धंदा मानला! न्हाई दिसली, तर सोमवारपासून माझ्या नर्सरीत यायचं. मिरचीची रोपं ट्रेमधी लावायला!"

कानिफनाथ घाबरला. त्याची बायको निकिता, म्हणजे रंगनाथरावांचीच लेक, हसत म्हणाली, "घ्या पैज, अहो! पण एक सांगते, मामांचा सल्ला घेऊ नका."

हे ती माझ्यासमोर म्हणाली. मी मनावर घेतलं नाही. सल्ला मागितल्याशिवाय द्यायची माझी सवय आहेच.

आता या इंटरनेटची वाट कशी आहे बघा. फायबर येतं हायवेवर, मिरजगावात. तिथे दगडाबाई म्हणून एक वयस्कर बाई आहेत, त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानाच्या गच्चीवर कानिफनाथची एक डिश, तिच्या पाठीला लहरी सोडणारं यंत्र, म्हणजे रेडिओ. ती बघते आमच्या वाडीकडे. आमच्या पाण्याच्या टाकीवर तसाच रेडिओ लावलेली दुसरी डिश, ती बघते मिरजगावकडे. मधे अकरा किलोमीटर ऊस, तूर आणि बाभळी. दोघी दिवसभर एकमेकींशी बोलत राहतात आणि वाडीला नेट मिळतं.

यात्रेला आठवडा होता. आम्ही लाइव्ह करून बघितलं, तर चित्र अडखळायचं. पैलवान पट काढायला वाकला की वाकलेलाच!

"सोपं हाय," मी म्हणालो. "डिश लहान पडतीय. मोठी आणू!"

श्रीगोंद्याला माझ्या ओळखीच्या एकाकडे जुनी मोठी डिश पडून होती. टेम्पोत घालून आणली. लग्नातल्या पातेल्यावरचं झाकण बघा, तेवढी! टाकीवर चढवताना अर्धी वाडी खाली उभी होती. नारळ फुटला. कानिफनाथची छाती तेवढ्यातच फुगली.

तेवढ्यात निकिता लॅपटॉप घेऊन आली. "बसली ना डिश? मग आता रेडिओचा जोर कमी करा."

खालची सगळी मंडळी तिच्याकडे वळली.

"कमी?" कानिफनाथ टाकीवरूनच ओरडला. "मोठी डिश आणायची, अन जोर कमी करायचा? मग आणली कशाला?"

"अहो, या लहरींना लायसन लागत नाही, पण हद्द आहे! रेडिओचा जोर अन डिशचा जोर मिळून किती, ते ठरलेलं आहे. डिश मोठी झाली की रेडिओने तेवढं उतरायचं. ऐकायला मोठी डिश कामाला येतेच की! ओरडायला नको."

मला ते लगेच पटलं. खरंच पटलं! "कानिफ्या, आरं हे आपल्या काट्यासारखं हाय. ट्रॅक्टर-ट्रॉली अन ऊस मिळून वजन. ट्रॉली जड, तर ऊस कमी!"

"म्हंजी जोर कमी करायचा?"

आता मला सांगा, एवढ्या लोकांसमोर, नारळ फुटल्यावर, कमी करा असं कुठला मामा सांगेल? आमच्या शिवारात पाच एचपीच्या मंजुरीवर साडेसातची मोटार चालते आणि तिच्यावर पाटी पाचचीच असते. हे कुणाला शाळेत शिकवावं लागत नाही. मी कानिफनाथच्या कानात म्हणालो, "त्या लॅपटॉपमधी डिश केवढी ते लिहायचा चौकोन हाय न्हवं? त्यात जुन्या लहान डिशचाच आकडा राहू दे. यंत्राला काय कळतंय!"

यंत्राला काही कळलं नाही. त्याने लहान डिश समजून पूर्ण जोर लावला, आणि चित्र असं लखलखीत झालं की कानिफनाथने मला मिठी मारली. दोन दिवस मी वाडीत छाती काढून फिरलो. निकिता म्हणाली, "सहाच आकड्यांनी हद्द ओलांडली असं वाटतंय ना? या मापात सहा म्हणजे चौपट, मामा!" मी ऐकू न आल्यासारखं केलं.

तिसऱ्या दिवशी अजिनाथ आला. याचाही धंदा नेटचाच. त्याची डिश शाळेच्या गच्चीवर, आणि तिचंही तोंड मिरजगावकडेच. तो आला तो पायऱ्यांवरूनच ओरडत.

"कानिफ, लेका, काय लावलंस टाकीवर? माझी सगळी गिऱ्हाइकं शिव्या द्यायला लागली! दोन पोरींच्या परीक्षा अडकल्यात!"

"तुझी डिश लहान हाय," मी म्हणालो. मला बोलायचं कारण नव्हतं. पण बोललो.

अजिनाथने माझ्याकडे एकदा बघितलं आणि गेला. संध्याकाळी शाळेच्या गच्चीवर आमच्यापेक्षा मोठी डिश! त्याच्या मोटारीलाही पाटी पाचचीच असणार, हे मी टायर न बघता सांगितलं असतं. झालं! आता दोन देवळांत दोन भजनी मंडळं, दोघांचे भोंगे समोरासमोर, आणि मधे बसलेल्याला ना हा अभंग ऐकू येतो ना तो. त्याचं नेट मेल्यात जमा, आमचं नेट मेल्यात जमा. मिरजगावच्या गच्चीवर नुसता कालवा!

हगाम्याचा दिवस उजाडला. तालमीसमोर आखाडा तयार, हलगी सुरू, गोडीशेवेची दुकानं लागलेली. पहिल्या रांगेत कानिफनाथच्या खुर्चीशेजारी माझंही नाव चिकटवलेली हातवाली खुर्ची, आणि तिच्याखाली मी आधीच घेऊन ठेवलेली गोडीशेवेची पिशवी. फक्त चित्र तेवढं नव्हतं. तिकडून रंगनाथरावांचा फोन, "पाव्हणं, हितं नुसतं चाक फिरतंय! कुस्ती चाकावर लावलीय व्हय?"

कानिफनाथच्या कपाळावर घाम. "मामा, जोर अजून वाढवाय पायजे. पण हे यंत्र वर जाऊच देईना."

आणि मला सुचलं! तसं मला नेहमीच सुचतं. "यंत्रात देश लिहिलेला असतो म्हणालास न्हवं? त्या देशाच्या कायद्यानं ते जोर अडवतंय. मग देश बदल! असंल कुठंतरी एखादा देश, जिथं हद्द मोठी हाय."

कानिफनाथने यादी उघडली. बेटांचा एक देश होता, नाव दोघांनाही वाचता आलं नाही. "आधी मिरजगावचा बदलतो," म्हणाला, "मग आपला." घरात बसून, त्याच तुटत-तुटत चालणाऱ्या नेटवरून त्याने मिरजगावचा रेडिओ उघडला, बेट निवडलं, आणि बटण दाबलं.

मिरजगावचा रेडिओ परदेशात गेला.

गेला म्हणजे गेलाच! तिकडच्या कुठल्यातरी लहरीवर जाऊन बसला. आमचा टाकीवरचा भारतातच. दोघांची भेट संपली. आणि ज्या रस्त्याने त्याला परत बोलवायचं, तो रस्ता म्हणजे तोच!

"मामा..." कानिफनाथने बटण पुन्हा पुन्हा दाबून बघितलं.

"आपलाबी तिकडंच धाडू," मी म्हणालो.

निकिताने लॅपटॉप ओढून घेतला. "एक घर सोडून गेला, आता दुसऱ्यालाही धाडा! त्या बेटाचे नियम मिरजगावात चालतात का? काही नाही. त्याला घरी आणायचा. मामा, गच्चीवर जाऊन हाताने करावं लागेल. यांना इथली टाकी सांभाळायचीय."

"मी? आगं, आता हगामा सुरू हुईल! माझी खुर्ची..."

"सल्ला तुमचा होता ना? मग स्कूटरही तुमचीच."

अकरा किलोमीटर! समोरून अख्खा मुलूख हगाम्याला चाललेला आणि मी एकटा उलटा. जो तो हात दाखवून ओरडत होता, "मामा, हगामा मागं हाय!" मिरजगावात दगडाबाईंच्या दारात पोचलो, तर जिना त्यांच्या स्वयंपाकघरातून.

"आत्या, जरा गच्चीवर जायचंय, घाई हाय."

"व्हय, जा की. चहा घिऊन जा."

"आत्या, कुस्त्या सुरू झाल्या!"

"मग पोहेबी टाकते. यात्रेच्या दिशी पाव्हणा कोरड्या तोंडानं माझ्या घरातून वर जायचा न्हाई!"

पोहे झाले. चहा झाला. माझ्या थोरल्या बहिणीच्या गुडघ्यांची चौकशी झाली. तिकडे फोनवर रंगनाथराव कानिफनाथला मिरचीच्या ट्रेमध्ये रोपं कशी लावतात ते समजावून सांगत होते म्हणे.

शेवटी गच्ची! निकिताने फोनवरून सांगितलं तसं मोबाईल त्या रेडिओला जोडला.

"आता देश निवडा, मामा."

"कोणता?"

"आपला, मामा! आपला!"

यादी लांबलचक. अंगठा घामाने ओला. मी दोनदा भारताच्या पुढे निघून गेलो, एकदा पार शेवटच्या देशात जाऊन आलो. सापडला एकदाचा. घरी आल्यासारखं वाटलं हो!

"आता जोर उतरवा. इथे टाकीवरच्या रेडिओतही मी मोठ्या डिशचा खरा आकडा टाकलाय."

मी उतरवला. "पण निकिता, आपला आवाज बारीक, अन अजिनाथ तिकडं भोंगा लावून बसलाय. आपलं कोण ऐकणार?"

"त्याचं बघितलंय मी. अजिनाथभाऊजी पण उतरवायला तयार झालेत. त्यांचीही गिऱ्हाइकं वैतागलीयत. दोघांनी लहरी वाटून घेतल्या, दोघांनी खरे आकडे टाकले."

"एवढ्या सहज तयार झाला? फुकट?"

निकिता म्हणाली, "फुकट नाही. पण तुम्ही मनावर घेऊ नका."

तेवढ्यात गच्चीवरच्या डिशला टाकीवरच्या डिशचं बोलणं ऐकू आलं. मोबाईलवर आखाडा उगवला! लाल माती, दोन पैलवान, शेवटची कुस्ती, एकाने हप्ता डाव टाकला आणि दुसरा सरळ चीतपट! मी गच्चीवर एकटाच नाचलो. खालून दगडाबाई ओरडल्या, "हळू! कुरडया वाळत घातल्यात!"

फोन वाजला. रंगनाथराव! स्वतःहून, मला!

"दिसलं! लखलखीत दिसलं! जावईबापूंचा धंदा मानला म्हणावं. नर्सरी राहिली." मग आवाज जरा खाली आला. "पण काय ओ मामा, पयल्या रांगेत तुमच्या नावाच्या खुर्चीवर तो अजिनाथ कसा? अन गोडीशेव खातोय. पिशवी संपवली त्यानं. एकेक कांडी मोजता येती, एवढं साफ चित्र हाय!"

मी मोबाईलवर बघितलं. खरंच फार साफ होतं.

आता काट्यावरच्या सवयीने शेवटचं वजन घेतो. गुलाबी फेटा कमिटीने निकिताच्या डोक्यावर बांधला. कानिफनाथ शेजारी उभा राहून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता, कारण त्याची मिरची टळली होती. रंगनाथरावांनी नर्सरीत नेट घ्यायचं ठरवलं, मात्र जोडायला लेकीलाच बोलावलं. अजिनाथच्या मोठ्या डिशची गरज संपली, ती दगडाबाईंनी मागून घेतली. तिच्यात कुरडया झकास वाळतात. अजिनाथला खुर्ची. अजिनाथला गोडीशेव. आणि हे सगळं भरलं कुणी, ते तुमच्या ध्यानात आलंच असेल.

सोमवारी काट्यावर एक ट्रॅक्टर आला. मी टायरांकडे बघितलं आणि म्हणालो, "जास्त हाय. ऊस उतरव."

ड्रायव्हर आमच्याच वाडीचा. स्टिअरिंगवर हात ठेवून, अगदी गरीब चेहऱ्याने म्हणाला, "मामा, उतरवतो की. पण आधी तुमच्या काट्याचा देश बदलून बघता का जरा?"